उशीच्या अभ्र्यावरचा रंग

तूर वाळायला लागली की आमच्याकडं एकांकिका पिकतात. लातुरात क्लासच्या टॉपरांच्या फोटोंमधून जी काही भिंत उरते तिच्यावर स्पर्धेची पोस्टरं चिकटतात. कॉलेजच्या मागच्या खोल्यांतून ढसाढसा रडण्याचे आवाज येतात आणि नवीन कोणी दचकलंच तर शिपाई सांगतो, "काई न्हाई मॅडम, तालीम चालू हाय." औशाच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या येत असतात, थंडी नाकाच्या शेंड्यावर बसलेली असते, आणि मला भर बाजारात मेथी निवडतानासुद्धा पॅनकेकचा वास येतो. पॅनकेक म्हणजे नाटकवाल्यांचा तोंडाला फासायचा रंग. ओल्या स्पंजनं लावतात. ओली भिंत आणि आजीच्या वयाचा पावडरचा डबा यांच्या मधला काहीतरी वास असतो त्याला.

यंदा एका पोस्टरवर ते नाव पुन्हा दिसलं. मी सांगत नाही, इतकं काव्यमय आहे की उच्चारताना मलाच अवघडल्यासारखं होतं. नाटक तेच, दिग्दर्शक तेच. खाली एक ओळ मात्र नवी होती : सत्य घटनेवर आधारित. मी रिक्षा थांबवली, ओळ परत वाचली आणि हसत सुटले.

"काय झालं मॅडम?" रिक्षावाला.

"काही नाही," मी म्हटलं, "एका जिवंत माणसाला पुन्हा मारून राहिलेत."

जळकोट तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही आधीच सांगून टाकते. नम्रपणा ज्यांना वारशात मिळतो त्यांना शोभतो. मला पदवी मिळवावी लागली. ती मिळवायला नांदेडला गेले, वसतिगृहात राहिले आणि पहिल्याच हिवाळ्यात नाटकाच्या ग्रुपमध्ये शिरले. तिथं आमच्या सरांनी, म्हणजे पोस्टरवरच्या त्याच दिग्दर्शकांनी, माझं तोंड खालून, वरून, बाजूनं पाहिलं आणि म्हणाले, "विशाखा, तुझा आवाज चांगलाय. पण चेहरा स्टेजवर वाचता येत नाही." म्हणून मला प्रॉम्प्टर केलं. विंगेत खुर्ची, हातात संहिता, कोणी वाक्य विसरलं की हळूच सांगायचं. चेहरा वाचता येत नाही म्हणणाऱ्यांना तीन वर्षं मी त्यांची वाक्यं वाचून दाखवली.

ग्रुपमधला सुगत मुदखेडहून रोज रेल्वेनं यायचा. सकाळी आईबरोबर हरभऱ्याची भाजी खुडून आलेला असला की त्याच्या बोटांना आंब असायची. डबा उघडला की आधी तो आंबट वास, मग भाकरीचा. आवाज असा की फलाटावर त्यानं हाक मारली तर तिकीट काढणारी माणसं मागं वळायची. नाटकाच्या पहिल्या वाचनाला त्यानं एक पान वाचलं आणि खोलीतला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. सर म्हणाले, "वा. रॉ आहे." पुढं मला कळलं, हा शब्द ते फक्त आमच्यासाठी वापरायचे. बाकीचे 'तयार' असायचे, आम्ही 'रॉ'. जणू आम्हाला अजून चुलीवर ठेवायचं होतं.

त्या हिवाळ्यात सरांना समलिंगी माणसांवर आणि एड्सवर नाटक करायचं होतं. पुण्याला कोणाचं तरी पाहून आले होते. नाटक वस्तीत घडणार, नायक आमच्या समाजातला असणार, म्हणजे पुण्यावर आपली कडी. एका संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवून ते म्हणाले, "कुणाचा काही अनुभव असेल तर बोला. ही जागा सुरक्षित आहे." माणसं खाली बघत चटईच्या काड्या ओढत बसली. सुगत बोलला.

आपल्याला पुरुष आवडतात हे त्यानं साध्या आवाजात सांगितलं. रक्तात एचआयव्ही निघाला, दवाखान्यात नाव घातलंय, गोळ्या चालू आहेत, हेही. आईला सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली, हे सांगताना मात्र तो हसला. "आई म्हनली, आधी जेव. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नको. मग रडू."

"आणि तो? ज्याच्याकडून…" सर पुढं सरकले. "ट्रक ड्रायव्हर?"

"न्हाई सर. बँकेत क्लार्क. तुमच्याच गल्लीत ऱ्हातो."

सरांनी चष्मा पुसला. त्यांना चष्म्याचा फार आधार.

सुगत का बोलला, हे मला त्याच रात्रीच्या जेवणाआधी, वसतिगृहाच्या फाटकाशी त्यानं सांगितलं होतं. "गोष्ट माझी, मंग काम बी माझंच ना? आई येईल बघायला. मुख्य काम करताना बघंल मला." एवढंच त्याला हवं होतं. दया नको, बक्षीस नको. आपल्या आईच्या समोर, उजेडात, आपणच आपलं व्हायचं.

संहिता आली. सुगतची अर्धी वाक्यं तिच्यात जशीच्या तशी होती. आईनं मात्र दार लावून घेतलं होतं. "तू आम्हाला मेलास!" असं म्हणून ती छाती बडवत होती.

"सर, ती असं न्हाई म्हनली," सुगत म्हणाला.

"माहितीय रे. पण वस्तीतली आई इतकी समजूतदार, हे प्रेक्षकाला पटत नाही."

बँकेतला क्लार्क गळाला होता. त्याच्या जागी ट्रक ड्रायव्हर आला होता, आणि संहितेत कंसात लिहिलं होतं : काळाकभिन्न. मी ती पानं हातात धरून बसले होते. सरांच्या गल्लीत एड्स जाऊ शकत नाही, तिथं घंटागाडी रोज येते.

आणि नायक? नायक ओंकार. लातूरच्या वकिलाचा मुलगा, रंगानं दुधासारखा, केस कपाळावर येतील असे कापलेले, हिंदी मालिकेत जायची तयारी करत असलेला. सुगतला वॉर्डबॉय. संवाद नाही. नायक मेला की यायचं, चादर आणि उशी उचलायची, जायचं.

"तू विषयाच्या फार जवळ आहेस सुगत," सरांनी समजावलं. "कलेला अंतर लागतं."

"मंग ओंकारला किती अंतर हाय सर? लातूर ते मुदखेड?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "त्याच्याकडे फेस आहे. लोकांना त्याची दया आली पाहिजे."

म्हणजे आमच्या तोंडाची येत नाही. बरं. पण मग रंगीत तालमीच्या दिवशी रंगभूषेवाल्यानं पेटी उघडली आणि त्या दया येणाऱ्या तोंडावर गडद तपकिरी पॅनकेक थापायला सुरुवात केली. ओंकार वस्तीतला दिसायला हवा होता. गाल, कपाळ, मान, मनगटापर्यंत हात. सुगत बाजूच्या स्टुलावर बसून बघत होता. ज्या रंगासाठी त्याला काम मिळालं नव्हतं, तो रंग डबीतून काढून दुसऱ्याला लावला जात होता.

"कान ऱ्हायले बघा," सुगत रंगभूषेवाल्याला म्हणाला. "मागून गोरे दिसून राहिलेत. आमच्यात कान बी काळेच असतेत."

ओंकार वाईट मुलगा नव्हता, हे मला त्याच्या बाजूनं सांगता येण्यासारखं एकमेव वाक्य आहे. तो सुगतकडं बोलायला शिकायला यायचा. "सुगत, 'लई' कुठं कुठं घालू?" "जिथं तुला खरंच लई वाटंल तिथं." "आणि चालताना ते लोक… म्हणजे तुम्ही लोक… हात कसे ठेवता?" सुगतनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. "मनगटाला जोडून," तो म्हणाला.

माझं भांडण झालं ते तुळशीवरून. शेवटच्या प्रवेशात नायक मरतो आणि आई त्याच्या तोंडात गंगाजल घालून तुळशीचं पान ठेवते. मागं भिंतीवर तथागताची तसबीर, बाजूला निळा झेंडा, आणि अंगणात तुळशी वृंदावन. ते वृंदावन आदल्या वर्षीच्या कौटुंबिक नाटकातलं होतं, गोदामात पडून होतं, रंग चांगला होता म्हणून आणलं. आमच्या घरातली एक पिढी तुळशीतून बाहेर पडायला आयुष्यं घालवून बसली आणि यांनी ती टेम्पोत घालून परत आमच्या दारात आणून ठेवली.

"सर, आमच्यात हे नसतं. त्रिसरण, पंचशील म्हणतात. पांढरे कपडे, मेणबत्ती."

"अगं, पण प्रेक्षकांना कळायला हवं ना तो मेलाय ते."

"तुळस ठेवल्याशिवाय मेलेला कळत नाही का?"

"विशाखा, भावना वैश्विक असते."

वैश्विक म्हणजे त्यांच्या देवघरातली. हा अर्थ मी तेव्हाच शिकले. पदवीला हा पेपर नव्हता, तरी मी पहिल्या वर्गात पास आहे.

स्पर्धेच्या दिवशी सुगतची आई मुदखेडहून आली. पारूमावशी. पांढरं लुगडं, केसांना तेल, पिशवीत सगळ्यांसाठी तिळाच्या वड्या. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या, पण एक रिकामी दिसली आणि ती बसली. कोणी उठवायला आलं तर म्हणाली, "माझ्या पोराचं नाटक हाय." खरंच होतं, म्हणून तिला कोणी उठवलं नाही.

मी विंगेतून तिचं तोंड बघत होते. ओंकार मुदखेडच्या फलाटाचं वर्णन करायला लागला तेव्हा ती थोडी पुढं झुकली. ते बाकडं, ती चिंच, तो कोळशाचा डाग, सगळं तिच्या ओळखीचं. मग स्टेजवरच्या आईनं दार लावलं, छाती बडवली, "तू आम्हाला मेलास!" पारूमावशीच्या हातातली पिशवी खाली आली. ओंकार खोकला, घामाघूम झाला, पडला. स्टेजवरच्या आईनं वृंदावनातलं पान तोडलं. सनई सुरू झाली. आमच्या वस्तीत, आमच्या मढ्यावर, सनई. सभागृहात हुंदके. आणि वॉर्डबॉय आत आला, त्यानं चादर ओढली, उशी उचलली.

पारूमावशी उभी राहिली.

"ह्ये कोनाचं पोरगं मारून राहिले रे?" तिचा आवाज सुगतचाच होता, किंवा सुगतचा तिचा. "माझं पोरगं तर त्ये बघा, चादर उचलून राहिलंय! जित्तं हाय माझं पोरगं! आन् मी कवा दार लावलं? कवा?"

सनई थांबली. तबकडी वाजवणाऱ्याला वाटलं असेल, काहीतरी चुकलं. ओंकारनं मेल्या मेल्या एक डोळा उघडला. सुगत उशी छातीशी धरून मध्ये उभा. संवाद नसलेला माणूस तो. संहितेत त्याच्यासाठी एक शब्द नव्हता, मी त्याला काय सांगणार विंगेतून? त्यानं आईकडं पाहिलं आणि म्हणाला, "बस, आई. झालंच आता. संगंच जाऊ घरी."

त्या अख्ख्या नाटकातलं ते एकच खरं वाक्य. सभागृह आधी हसलं, मग टाळ्या.

पडदा पडल्यावर सर सुगतवर धावून गेले. "नाटक मोडलंस तू माझं! आईला आवरता येत नाही?"  सुगतच्या हातात अजून ती उशी होती. अभ्रा पांढरा, आणि त्यावर ओंकारच्या घामानं उतरलेला तपकिरी डाग. गाल, कपाळ, नाकाची कड. अर्धं तोंड उमटलं होतं त्यावर. सुगतनं तो अभ्रा सरांपुढं धरला. "सर, ह्यो काढायचा का ठिवायचा? पुढच्या प्रयोगाला लागंल."

मग परीक्षक आत आले. बाहेरगावचे, शाल घेतलेले. त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. "प्रेक्षकांतून खऱ्या आईला उठवणं! वॉर्डबॉयला मुलगा करणं! केवढं धाडस!" मी सरांच्या तोंडाकडं पाहिलं. मघाशी शिव्या देणारं ते तोंड हळूहळू नम्र झालं. "सुचत गेलं," सर म्हणाले.

पहिलं बक्षीस मिळालं. ओंकारनं मातीतला माणूस उभा केला, असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. ती माती त्यानं खोबरेल तेल आणि कापूस घेऊन ग्रीनरूममध्ये पुसून टाकली होती. मी स्वतः पाहिलं. साबणसुद्धा लागला नाही.

त्यानंतर मी या विषयावरची नाटकं पुष्कळ पाहिली. पुण्यात, मुंबईत, महोत्सवांत. मराठीत एक, इंग्रजीत बाकीची. त्यातल्या पुरुषांना फ्लॅट असतात, बाल्कन्या असतात, वाइनचे ग्लास असतात, आणि आडनावं अशी की भाड्यानं घर मागायला गेलं तर लगेच मिळावं. ते एकमेकांवर फार सुंदर भाषेत प्रेम करतात. त्यांना आजार झाला की दिवे निळे होतात. आमचा माणूस त्या नाटकांत कुरिअर घेऊन येतो, लिफ्ट चालवतो, मालिश करतो, आणि एखाद्या प्रवेशात आजार देऊन जातो. त्यांना नाव असतं, आम्हाला काम. बाहेरच्या देशांतल्या अशा नाटकांबद्दलही वाचलं. तिथंही गोरा माणूस पलंगावर पडून आपल्या मरणाबद्दल तास-दीड तास बोलतो आणि काळा परिचारक त्याची उशी सारखी करतो. समुद्र ओलांडून उशी तेवढी तीच. तिथं निदान लोक त्यावर भांडतात, लिहितात. आमच्याकडं जात दिसत नाही म्हणतात, आणि मग पेटीतून अचूक तोच रंग काढतात.

अन्याय होऊ नये म्हणून एक सांगितलं पाहिजे. आम्हाला मुख्य भूमिका मिळत नाहीत असं नाही. जनजागृतीच्या पथनाट्यांत मिळतात. बाजाराच्या दिवशी, डफ वाजवून, छातीवर लाल फीत लावून : वाट चुकलेला मजूर, दारुडा, बाईकडं जाणारा. तिथं कधी वकिलाचा मुलगा उभा केलेला मी पाहिला नाही. गोऱ्याला आजार झाला तर शोकांतिका, काळ्याला झाला तर जनजागृती. त्यांच्या मरणावर रडायचं आणि आमच्यावरून धडा घ्यायचा.

पारूमावशी मागच्या वर्षी गेली. वय झालं होतं. मुदखेडच्या घरापुढं पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, मेणबत्त्या वाऱ्यानं वाकत होत्या आणि सुगत पुढं बसून वंदना म्हणत होता. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. कोणाच्या तोंडात पान ठेवलं नाही. ती गेलीये हे सगळ्यांना कळलं होतं.

परवा औशाला गेले ती सुगतला पोस्टरचं सांगायला. सुगत एसटीत कंडक्टर आहे. पोट सुटलंय, मिश्या ठेवल्यात, गोळी चुकवत नाही. डॉक्टर त्याला म्हणतात, तुझं रक्त आता माझ्यापेक्षा बरं आहे. उदगीरचा एक माणूस त्याच्या घरात राहतो, मोबाईल दुरुस्त करतो, भाजीत मीठ जास्त घालतो, आणि त्यावरून दोघांचं रोज वाजतं. कोणत्याही नाट्यमहोत्सवाला चालणार नाही असं प्रेम. बाल्कनीच नाही त्यात.

"काय म्हन्ती प्रॉम्प्टर?" स्टँडच्या कँटीनमध्ये त्यानं माझ्यापुढं चहा सरकवला. मी फोनवरचा पोस्टरचा फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला. "ओंकार न्हाई का आता?"

"त्याला आता मालिकांत बापाच्या भूमिका मिळतात. नवीन मुलगा आहे. तोही गोराच."

"डबी जपून ठिवली आसंल मंग," सुगत म्हणाला.

तेवढ्यात सरांचाच फोन आला, माझ्या फोनवर. गेला आठवडाभर ते मला गाठायला बघत होते. मी स्पीकर लावून फोन चहाच्या कपांमध्ये ठेवला.

"विशाखा, लातूरचा प्रयोग आहे. सुगत तुझ्या संपर्कात असतो ना? प्रयोगानंतर त्याचा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ. लोकांना खरा माणूस बघायला मिळेल."

"तो इथंच बसलाय, सर. तुम्हाला ऐकतोय."

"अरे, सुगत! कसा आहेस?"

"जित्ता हाय सर."

सर हसले. "नाटक आता फार पुढं गेलंय बरं का. आई प्रेक्षकांतूनच उठते. पहिल्या रांगेतून. आणि हंबरडा फोडते, 'माझं लेकरू गेलं हो!' थिएटर हादरतं."

मी सुगतकडं पाहिलं. त्याचा कप अर्ध्यावर थांबला होता. पारूमावशी उठली होती ती पोरगं जिवंत आहे म्हणायला. यांनी तिचा आवाज घेतला, तिची खुर्ची घेतली, आणि तिच्या तोंडून नेमकं उलटं वदवून घेतलं. मेलेली बाई प्रयोगागणिक उठून जिवंत मुलासाठी रडत होती.

सुगतनं कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "येतो की सर. पन शाल नको. त्यो रोल द्या मला. मुख्य. रंगाचा खर्च बी वाचंल तुमचा."

"सुगत, आता वयाचं थोडं…"

"माझंच वय हाय सर त्ये. आन् एक. मी मरनार न्हाई."

"म्हणजे?"

"शेवटाला मरनार न्हाई मी. उठनार, जेवनार, गोळी घेनार."

 बाहेर कोणीतरी सोलापूरच्या गाडीला हात करत पळत होतं. मग सर खरोखरच्या काळजीनं, जुन्या मास्तरी आवाजात म्हणाले, "अरे, पण मग नाटक संपणार कसं?"

इतक्या वर्षांत सरांनी खोटं बोलायचं सोडून दिलेला तो पहिला क्षण असावा. आमच्यातलं कोणी मेल्याशिवाय यांचा पडदा पडत नाही. जगलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना ठाऊकच नाही.

सुगत उठला. खांद्याला पिशवी लावली, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं आणि फोनवर वाकला.

"संपवायची घाई तुमाला हाय सर. मला न्हाई. माझी गाडी लागलीय."

आणि तो फलाटाकडं चालत गेला. दारात पाय ठेवून त्यानं जी हाक दिली, लातूर, लातूर, लातूर, ती शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आली.